विमर्शात्मक लोकशाही

सार्वजनिक निर्णयाची वैधता केवळ मतांच्या बेरजेवर अवलंबून नसून, त्या निर्णयाची झळ ज्यांना पोचणार आहे त्यांनी बरोबरीच्या नात्याने कारणे मांडून व तपासून केलेल्या चर्चेवर अवलंबून असते, असे मानणारी लोकशाहीविषयक विचारसरणी. निवडणूक, पक्ष व विधिमंडळे ती नाकारत नाही. मतदानापूर्वी काय घडते, यावर तिचा भर असतो. जागतिकीकरणाच्या काळात भांडवल, हवामान, खाणी व धरणे यांविषयीचे निर्णय राष्ट्राच्या सीमेबाहेर होऊ लागले. त्यामुळे ही चर्चा कोणी, कोठे व कोणत्या अधिकाराने करावयाची, हा तिच्यापुढील सर्वांत बिकट प्रश्न आहे.

संज्ञेचा आधुनिक वापर अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ बेसेट यांच्या १९८० मधील निबंधापासून सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. जोशुआ कोहेन यांनी १९८९ मध्ये तिची तात्त्विक चौकट आखली. युर्गेन हाबरमास यांची संवादाधिष्ठित कायद्याची उपपत्ती (१९९२) आणि जॉन रॉल्स यांची सार्वजनिक विवेकाची कल्पना (१९९३) यांनी तिला राज्यशास्त्रात मध्यवर्ती स्थान मिळवून दिले.

प्रत्यक्ष व्यवहाराचा उगम मात्र वादग्रस्त आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत तो अथेन्सपासून, विशेषतः चिठ्ठीने निवडलेल्या पाचशेंच्या मंडळापासून सांगण्याची प्रथा आहे. भारतीय अभ्यासक बौद्ध संघाच्या कार्यपद्धतीकडे लक्ष वेधतात. विनयपिटकातील (भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथसंग्रहातील) चुल्लवग्गात ही पद्धती बारकाईने आली आहे. ठराव (ञत्ति) प्रथम संघापुढे मांडला जाई. महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा विचारला जाई व मौन म्हणजे संमती धरली जाई. मतभेद मिटला नाही, तर शलाका (मत देण्याच्या काड्या) वाटून मत घेत. शलाका वाटणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा, असा दंडक होता. मत गुप्तपणे, कानात सांगून वा उघडपणे, अशा तीन रीतींनी घेतले जाई. गुप्त मतदानात अधर्मवाद्यांचे (धर्माविरुद्ध मत देणाऱ्यांचे) आधिक्य दिसल्यास शलाकाग्रहण सदोष ठरवून रद्द करण्याची मुभा वाटपकर्त्यास होती. म्हणजे बहुमत हे येथे अंतिम प्रमाण नव्हते. चर्चा भरकटू लागली, की निवडक भिक्षूंच्या समितीकडे (उब्बाहिका) प्रश्न सोपवला जाई. वैशालीच्या संगीतीत (भिक्षूंच्या धर्मसभेत) पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार भिक्षूंची अशी समिती नेमल्याची नोंद आहे. ही संगीती परंपरेनुसार बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी झाली. मात्र महापरिनिर्वाणाचे वर्षच वादग्रस्त असल्याने तिचा काळ ठामपणे सांगता येत नाही.

ही पद्धती तत्कालीन गणराज्यांच्या सभांवरून घेतली असावी, असे मत इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी मांडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही बुद्धाने हे नियम राजकीय सभांकडून घेतले असावेत, असे म्हटले. गणसभांच्या कामकाजाचे इतके तपशीलवार वर्णन उपलब्ध नसल्याने हे अनुमानच राहते. तरी संघाच्या नियमांमागे एखादी जुनी घडण असावी, हे अधिक संभवनीय वाटते. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील पहिल्या परांतक चोळाच्या काळातील (सुमारे ९१९ ते ९२१) शिलालेखांत घड्यातून चिठ्ठ्या काढून ग्रामसमित्या निवडण्याची रीत दिली आहे. मात्र ते ब्रह्मदेय (ब्राह्मणांना दान दिलेले) गाव होते आणि पात्रतेला जमीन, घर व वेदज्ञान यांची अट होती. अथेन्समध्ये स्त्रिया व गुलाम वगळले जात, त्याच प्रकारची ही मर्यादा होय.

राष्ट्रापलीकडील विमर्शाविषयी तीन भूमिका आढळतात. डेव्हिड हेल्ड यांनी १९९५ मध्ये जागतिक पातळीवर लोकशाही संस्था व कायदा उभारण्याचा पक्ष मांडला. रॉबर्ट डाल यांनी १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना लोकशाहीवादी होऊ शकतील काय, याविषयी गंभीर शंका घेतली. जॉन ड्रायझेक यांनी चळवळी, तज्ज्ञ व माध्यमे यांच्या सीमापार चर्चाविश्वांवर भर दिला. भारतातील अनुभव पाहता ड्रायझेक यांची मांडणी वास्तवाच्या अधिक जवळ जाते. पण चर्चेला निर्णयाचा अधिकार कोठून येतो, या प्रश्नाचे पुरेसे उत्तर तीतही नाही.

सरदार सरोवर प्रकल्प हे याचे ठळक उदाहरण. जागतिक बँकेने १९८५ मध्ये त्यासाठी ४५ कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य मंजूर केले. बुडिताखाली जाणाऱ्या गावांत तत्कालीन धुळे जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) भागांतील आदिवासी गावे होती. मणिबेलीसारख्या गावांचा प्रश्न नर्मदा बचाओ आंदोलनामुळे वॉशिंग्टनपर्यंत पोचला. बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला; मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज सोडून दिले. त्याच वर्षी बँकेने प्रकल्पबाधितांना थेट तक्रार करता यावी, म्हणून स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापले. गावाचे म्हणणे ऐकून घेणे कर्जदात्या संस्थेस भाग पडले, हे त्याचे महत्त्व.

याच वादातून जागतिक धरण आयोग (१९९८ ते २०००) उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेचे कादर अस्मल अध्यक्ष होते. धरणउद्योगाशी संबंधित व्यक्ती व मेधा पाटकर एकाच मेजाशी बसल्या. भारताने भेटीची संमती मागे घेतल्याने दक्षिण आशियातील सुनावणी डिसेंबर १९९८ मध्ये कोलंबोत घ्यावी लागली. अहवालावर सर्वांच्या सह्या झाल्या. पाटकरांनी स्वतंत्र टिपण जोडले. भारत सरकारने शिफारशी फेटाळल्या.

याउलट ओडिशातील नियमगिरीत चर्चेला कायद्याचे बळ होते. त्या वेळी लंडनच्या शेअरबाजारात नोंदलेल्या वेदांत समूहाशी निगडित बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी वनहक्क कायद्याच्या आधारे ग्रामसभांकडे सोपवला. बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. राज्य शासनाने शंभरांहून अधिक वस्त्यांपैकी बाराच निवडल्या, हा आक्षेप मात्र रास्त होता.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीची रीत जोपासली. तेथे ग्रामसभेपासून अभ्यासगट वेगळा ठेवलेला असतो : अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही बसतात, कायदे व कागदपत्रे समजून घेतली जातात, परंतु निर्णय होत नाही, निर्णय फक्त ग्रामसभा घेते आणि एकाचाही विरोध असल्यास विषय पुढे ढकलते. २००९ मध्ये गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. माहिती व निर्णय यांची अशी फोड सिद्धांतग्रंथांत क्वचितच इतकी स्पष्ट आढळते.

या विचारसरणीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. राजकीय विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांच्या मते तर्कशुद्ध, संयत बोलण्याचा आग्रह शिक्षितांच्या पथ्यावर पडतो. गाऱ्हाणे, कथन व निषेध यांनाही स्थान हवे. शांताल मूफ सहमतीचे ध्येयच संशयास्पद मानतात.

चिठ्ठीने निवडलेल्या नागरिक सभांपैकी आयर्लंडची (२०१६ ते २०१८) सभा विशेष गाजली : ९९ नागरिक व एक अध्यक्ष यांच्या शिफारशीनंतर गर्भपातविषयक घटनादुरुस्तीला २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मते मिळाली. हाच प्रकार जागतिक पातळीवर २०२१ मध्ये करून पाहण्यात आला. ग्लासगो हवामान परिषदेसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात ठिकाणे निवडून १०० जणांची सभा ऑनलाइन भरली. स्थानिक संस्थांनी सदस्यांना इंटरनेट व दुभाषी पुरवले. तिचे घोषणापत्र परिषदेत सादर झाले, परंतु वाटाघाटी करणाऱ्या राष्ट्रांवर ते बंधनकारक नव्हते.