सेल्फ मारण्याआधी

वीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी उजेडात आली की मालकाचा हात आपोआप किल्लीकडे जातो. नवी बॅटरी टाकली, ताजं पेट्रोल ओतलं, मारला सेल्फ! धड असलेल्या इंजिनाची वाट लावायला एवढं पुरतं.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनलेली ही स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसीचं. सिलिंडर ज्यात असतात तो ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, दोन्ही बिडाचे. आणि बीड म्हटलं की गंज आलाच.

चार सिलिंडरांचं इंजिन कुठेही थांबलं तरी त्याचा एखादा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारी झडप, उघडा राहतोच. तिथून दमट हवा आत शिरते. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच ओघळून खाली गेलेलं असतं. मग पिस्टनभोवतीची धातूची रिंग जिथे टेकली आहे, नेमकी तिथेच गंजाची बारीक रेघ धरते आणि रिंग भिंतीला चिकटते. अशात सेल्फचा हिसका बसला तर रिंग तुटते, नाहीतर भिंतीवर ओरखडे काढते.

म्हणून आधी चारही स्पार्क प्लग काढायचे, भोकांतून चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडायचं आणि दोन-चार दिवस गाडीकडे फिरकायचं नाही. तेवढ्यात तेल केशाकर्षणाने फटीत झिरपतं. मग गाडी चौथ्या गिअरला टाकून हळूच ढकलायची. पहिल्या गिअरला नाही. चाकाचा जोर इंजिनापर्यंत सर्वांत जास्त पोचतो तो चौथ्यातच. प्लग नसल्यामुळे आत हवा दाबली जात नाही. इंजिनाबरोबर फिरणारा रेडिएटरमागचा पंखा इंचभर जरी फिरला, तरी अर्धी लढाई जिंकली.

टाकीतलं पेट्रोल नुसतं हुंगलं तरी कळतं. वॉर्निशसारखा उग्र वास येतो. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांची मिसळ. त्यातले चटकन पेटणारे हलके घटक उडून जातात आणि उरलेल्यांतल्या काहींचा ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंक बनतो. पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देतो तो कार्बोरेटर. एमजीबीच्या दोन एसयू बनावटीच्या कार्बोरेटरांत जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, वरखाली होणारी निमुळती सुई असते. त्या फटीत डिंक बसला की संपलं. टाकी रिकामी करून, कार्बोरेटर उघडून धुण्याला पर्याय नाही.

गंमत अशी, की ही गाडी ज्या पेट्रोलसाठी बनली ते आता मिळतच नाही. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या बैठकीवर पातळ थर धरून तिची झीज थोपवायचं. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही २००० साली शिसं गेलं, मग इथेनॉल आलं. ब्रिटनमध्ये ते १० टक्क्यांपर्यंत, आपल्याकडे २०. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, तडकतात. आपल्याकडे जुनी फियाट बाहेर काढणाऱ्यांनीही हे पाइप आधी बदलावेत.

पण माझ्या मते इंजिनाच्याही आधी बघायचे ते ब्रेक. गाडी सुरू झाली नाही तर फक्त हिरमोड होतो. थांबली नाही तर काय, ते सांगायला नको. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल आहे. ग्लायकॉलच्या जातीचा हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट-४ या प्रमाणित दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ जाते. पेडल सरळ तळाला.

जुन्या रबरी होजची, म्हणजे ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणाऱ्या नळीची, खोड तर आणखी वाईट. बाहेरून ठणठणीत दिसणारी होज आतून सुजते. पेडल दाबलं की ऑइल जोराने पुढे जातं, पाय काढला की परत येत नाही. ब्रेक धरूनच राहतो आणि चाक तापत जातं. सुरुवातीच्या एमजीबींत चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट होतं; एक होज फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तेव्हा सगळ्या होज नव्याच घालायच्या.

आणि टायर. बाजूवरच्या तारखेच्या कोडमध्ये चार आकडे असले तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाआधीचा. नक्षी कितीही खोल असू दे, त्यावर गाडी फाटकाबाहेर नेऊ नका.