रॅमची मांडणी व प्रोसेसरचे व्होल्टेज : दोषनिवारण

संगणक सुरू होतो पण पडदा काळाच राहतो, बसवलेल्या रॅमपैकी निम्मीच दिसते, किंवा काम चालू असताना यंत्र अचानक बंद पडते, अशा तक्रारींमागे वरकरणी सारखीच भासणारी दोन कारणे असू शकतात : रॅमच्या पट्ट्या चुकीच्या स्लॉटमध्ये अथवा अर्धवट बसलेल्या असणे, आणि प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज योग्य नसणे. या दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो, कारण पूर्वी मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये असणारा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी होणारी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, आता प्रोसेसरमध्येच असतो. एएमडीने तो २००३ मधील अ‍ॅथलॉन ६४ पासून, तर इंटेलने २००८ मधील पहिल्या कोर आय७ पासून आत घेतला.

रॅमच्या पट्ट्या जोडीने बसवाव्यात, म्हणजे माहितीचा मार्ग दुप्पट रुंद होतो, या नियमाचा उगम कोठे मानावा, याविषयी मते भिन्न आहेत. साधारणतः २००१ मधील एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपच्या संचाचा) उल्लेख केला जातो. परंतु २००० च्या अखेरीस आलेल्या इंटेल ८५० चिपसेटमध्येही आरडीरॅम या त्या काळच्या रॅम प्रकाराच्या पट्ट्या जोडीनेच घालाव्या लागत, आणि रिकाम्या स्लॉटमध्ये मंडल पूर्ण करणारी कोरी पट्टी बसवावी लागे. याहून मागे गेल्यास सिम या जुन्या प्रकारच्या रॅम पट्ट्यांचा काळ येतो. ३० संपर्कांची सिम ८ बिटांची असल्याने ४८६ च्या (इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या) ३२ बिटी मार्गासाठी चार पट्ट्या लागत, तर पेंटियमच्या ६४ बिटी मार्गासाठी ७२ संपर्कांच्या दोन. मात्र सिम व आरडीरॅम या दोन्हींच्या बाबतीत ती सक्ती होती, संच अपुरा असल्यास यंत्र सुरूच होत नसे. आजचा नियम सोयीचा आहे, एका पट्टीवरही यंत्र चालते, फक्त माहितीचा मार्ग निम्मा राहतो. हा फरक लक्षात घेता एनफोर्सचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये घालाव्यात असे सांगितलेले असते. बऱ्याच बोर्डांवर एका चॅनेलची, म्हणजे कंट्रोलरपासून रॅमकडे जाणाऱ्या एका मार्गाची, तार आधी जवळच्या व मग दूरच्या स्लॉटला जाते. पट्टी जवळच्या स्लॉटमध्ये घातली, तर पुढचा मोकळा तुकडा लोंबकळत राहतो आणि त्यावरून संकेत परावर्तित होतो. कमी वेगाला हा दोष जाणवत नाही. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या वेगाला मात्र यंत्र सुरू न होण्याचीही शक्यता असते. चारही स्लॉट भरल्यास कंट्रोलरवरील भार वाढतो : रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांना सेकंदाला ५२०० दशलक्ष हस्तांतरणांची अधिकृत मर्यादा आहे, चार पट्ट्यांना ३६०० ची. नवी डीडीआर५ पट्टी घातल्यावर पहिल्या खेपेस कंट्रोलर तिच्याशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवू शकतो. या काळ्या पडद्याला घाबरून बटण दाबणारे पुष्कळ.

पट्टी बसवताना वीजपुरवठा पूर्ण तोडावा, खाच जुळवावी आणि खटका 'टक्' असा लागेपर्यंत दोन्ही टोके सारखी दाबावीत. आपल्याकडे दुरुस्ती करणारे पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबरने घासतात. त्याने मळ निघतो हे खरे, पण गुण अनेकदा पट्टी काढून पुन्हा बसवल्याचाच असावा. खोडरबरचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवाच दोष. एक चॅनेल सतत गायब राहत असेल, तर प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेली पिन किंवा अति आवळलेला कूलर तपासावा.

४८६ च्या काळात प्रोसेसरला ५ व्होल्ट लागत. पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ आणि बाह्य भागाला ३.३ व्होल्ट लागू लागले, व बोर्डावर व्होल्टेज निवडणारी छोटी जोडणी, म्हणजे जंपर, चुकीचा लावणे हे दोषाचे नेहमीचे कारण ठरले. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसर आपली गरज स्वतःच बोर्डाला कळवू लागला. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १.२० चे १.३२ व्होल्ट केल्यास इतर गोष्टी समान असता तो सुमारे २१ टक्क्यांनी चढतो. डीडीआर५ आधीच्या डीडीआर४ रॅमचे प्रमाणित व्होल्टेज १.२ असताना एक्सएमपी प्रोफाइल (पट्टीत साठवलेली जास्त वेगाची मांडणी) सहसा १.३५ मागते, आणि काही बोर्ड त्याबरोबर प्रोसेसरमधील कंट्रोलरचे व्होल्टेजही गुपचूप वाढवतात. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने कंट्रोलरच्या या व्होल्टेजची पातळी १.३ व्होल्टवर रोखली. २०२४ मध्ये इंटेलने तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांची सुधारणा) देऊन १.५५ व्होल्टपलीकडची मागणी थांबवली. आधीच झालेली हानी मात्र त्याने भरून निघत नाही.

म्हणून तपास बायोस (मदरबोर्डवरील मूळ सेटिंग्जचा प्रोग्रॅम) मूळ स्थितीत आणून, ए२ मध्ये एकच पट्टी घालून सुरू करणे श्रेयस्कर. प्रत्येक पट्टी व प्रत्येक स्लॉट मेमटेस्ट८६ सारख्या प्रोग्रॅमने पारखल्यावरच व्होल्टेजला हात घालावा, कारण वाढवलेल्या व्होल्टेजने मांडणीतला दोष काही काळ झाकला जातो. व्होल्टेज कमी केलेले यंत्र भाराखाली टिकूनही रिकामे असताना बंद पडत असेल, तर ती कपात जास्त झालेली असू शकते. पडद्यावरील व्होल्टेजचे आकडे ढोबळ असतात. पुरवठ्याची १२ व्होल्टची तार मल्टीमीटरने मोजल्यास ११.४ ते १२.६ च्या दरम्यान भरली पाहिजे.