बुद्धिबळ सुधारायचंय: मोबाइलवरचा प्रोग्रॅम पुरेल की शिक्षक हवा?
(पालक आणि हौशी खेळाडूंसाठी आमच्या वर्गाचं माहितीपत्रक)

नाव घालायला येणारे बहुतेक पालक आधी हेच विचारतात: सगळं फुकटात मिळत असताना शिकवणीला पैसे का मोजायचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. सोंगट्या कशा चालतात एवढंच नुकतं शिकलेल्या मुलाला पहिले काही महिने आमच्या शिकवणीची गरज नसते. घरात मोबाइल किंवा जुना लॅपटॉप असेल तर तेवढ्यावर ते बरंच पुढे जाईल. शिक्षक कधी लागतो आणि कशासाठी, ते या पत्रकात सांगितलं आहे.

फुकटात काय मिळतं

१९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा खास त्या कामासाठी बांधलेला अवाढव्य संगणक होता. आज साध्या मोबाइलवर चालणारं स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. लिचेस ही बुद्धिबळाची साइट देणग्यांवर चालते. तिथे जाहिराती नाहीत, सोडवायला लाखो कोडी आहेत, आणि प्रत्येक डाव संपल्यावर स्टॉकफिशकडून तो तपासून घेता येतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. तिचे तिथले डाव तुमच्या मुलीला आज संध्याकाळी घरबसल्या एकेक चाल करत पाहता येतील. बुद्धिबळपटू खाडिलकर भगिनी घडल्या त्या काळात परदेशातले डाव हाती पडायलाही मासिकाची वाट पाहावी लागे. ती टंचाई आता संपली आहे.

या साधनांपैकी आमचा सगळ्यात जास्त भर कोड्यांवर असतो. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण एका वेळी एकच प्रकार घ्यावा: आठवडाभर फक्त घोड्याचा दुहेरी हल्ला, पुढच्या आठवड्यात पिन (मागे मोठी सोंगटी असल्याने पुढची जागची हलू न शकणं), मग शेवटच्या रांगेवरची मात. शेवटपर्यंतच्या चाली डोक्यात दिसल्याशिवाय सोंगटीला हात लावायचा नाही. अंदाजाने टिचक्या मारत सोडवलेल्या शंभर कोड्यांपेक्षा अशी दहा कोडी जास्त शिकवतात.

संगणकाबरोबर खेळताना मात्र जपून. इंजिनची पातळी कमी केली की ते बराच वेळ अचूक खेळतं आणि मध्येच एखादा हत्ती आंदण देतं. माणूस असा चुकत नाही, त्यामुळे अशा सरावाचा स्पर्धेत फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा लिचेसवर ‘माया’ नावाचे प्रोग्रॅम आहेत. ते माणसांच्या डावांवर घडवलेले आहेत आणि त्या त्या पातळीचा माणूस जी चाल करील तीच करायला बघतात. आणि खरा माणूस समोर असेल तर त्याच्याशीच खेळावं.

संगणक कुठे थांबतो

घरी पट मांडून बघा (उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्यांना पांढऱ्याकडून १ ते ८ आकडे). पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. बाकी पट रिकामा. पांढऱ्याची चाल असेल तर इंजिन ०.०० दाखवतं, म्हणजे बरोबरी. तीच मांडणी, पण चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. इंजिनचं उत्तर दोन्ही वेळा बिनचूक असतं. पण चालीची पाळी बदलल्याने निकाल का फिरला, हे त्या आकड्यातून कोणत्याही मुलाला कळत नाही.

शिक्षक इथे दोन्ही राजांवर बोट ठेवून विचारतो, “आता हलायची सक्ती कोणावर आहे? आणि जो हलेल तो कोणती घरं सोडेल?” मूल राजा इकडून तिकडे नेऊन बघतं, दोन-तीनदा चुकतं, आणि मग त्याला दिसतं की समोरासमोर उभ्या राजांमध्ये ज्याला हलावं लागतं त्याला वाट सोडावी लागते. हे एकदा उमगलं की त्याला प्याद्यांचे कितीतरी शेवट आपले आपण सोडवता येतात.

इंजिन हे गणिताच्या पुस्तकामागे छापलेल्या उत्तरांसारखं आहे: ताळा करायला उत्तम, पण आधी उत्तर बघितलं तर गणित येत नाही. प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी गुकेशला लहानपणी मुद्दाम इंजिनपासून लांब ठेवलं होतं. गुकेश २०१९ मध्ये १२ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला तो स्वतःच्या डोक्याने चाली मोजत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेता झाला. प्रत्येक मूल गुकेश होणार नाही, आणि इंजिन वाईट आहे असंही आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

तो क्रम असा. डाव संपला की आधी मुलाने स्वतः वहीत लिहायचं: कुठे अडलो, कोणत्या चालीला किती वेळ घेतला, कशाची भीती वाटली. मग इंजिन लावून मोठ्या चुका तेवढ्या बघायच्या. इंजिन दाखवतं त्या +०.३ आणि +०.५ अशा आकड्यांतला (कोण किती वरचढ आहे त्याच्या मापातला) बारीक फरक शिकाऊ खेळाडूने सोडून द्यावा. उरलेले ‘असं का?’ शिक्षकाकडे आणायचे. आणि ऑनलाइन डाव चालू असताना इंजिन उघडणं ही सरळ फसवणूक आहे. खातं बंद होतं आणि मुलाला वाईट सवय लागते, हे घरातल्या मोठ्यांनी त्याला स्पष्ट सांगावं.

शिक्षक कशाचे पैसे घेतो

इंजिनला पट दिसतो, खेळणारा दिसत नाही. मूल विचार करण्याआधीच हात उचलतं का, वजिराची अदलाबदल करायला घाबरतं का, जिंकत आलेल्या डावात घाई करतं का, हरल्यावर पुढच्या फेरीला रडवेलं होऊन बसतं का, हे शेजारी बसलेल्या माणसालाच कळतं. एका डावात इंजिन सात चुका दाखवतं. त्यातली या महिन्यात कोणती धरायची आणि कोणत्या सहा सोडून द्यायच्या, हे ठरवणं हेच आमचं खरं काम. तयार ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या) याद्या पाठ करून घेणाऱ्या शिकवणीला जाऊ नका, मग ती आमच्याकडची का असेना.

म्हणून आमचा सल्ला: महागडे प्रोग्रॅम विकत घेऊ नका, निदान मूल रेटिंगच्या स्पर्धा नियमित खेळू लागेपर्यंत तरी नको. एक चांगला लाकडी पट आणि डाव लिहायची वही घ्या. मूल सहा महिने कोडी सोडवतंय, डाव लिहितंय आणि तरी तेच तेच चुकतंय, तर तेव्हा शिक्षक हवा. दर आठवड्याचा वर्ग परवडत नसेल तर महिन्यातून एकदा फक्त डाव तपासायला या, तशी सोय आमच्याकडे आहे.

पहिल्या भेटीला येताना मुलाने खेळलेले, हरलेलेसुद्धा, पाच-सहा डाव लिहून आणा. इंजिनची शेरेबाजी नको, मुलाच्या हातच्या नोंदी हव्यात. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. वर्ग लावायची गरज नसेल तर तसं त्याच दिवशी सांगू.