डबा घेण्याआधी: एअर रायफलचे छर्रे कसे निवडायचे

दुकानाच्या काउंटरवर आम्हाला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “तो नॅशनलला गेलेला मुलगा कुठले छर्रे वापरतो? तेच द्या.” देतो आम्ही. पण पाच डबे एकदम मागितले, तर आधी हा कागद हातात ठेवतो.

एका कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, लागोपाठ नंबरच्या दोन रायफलींनाही एकच छर्रा मानवेल असं नाही. १० मीटरचा छर्रा म्हणजे मऊ शिसं. त्याचं सपाट डोकं बॅरलच्या आतल्या पिळदार आट्यांवर टेकून सरकतं आणि मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगून बॅरल बंद करतो. डोकं किंचित सैल असलं तर छर्रा डगमगत निघतो, घट्ट असलं तर अडखळतो. म्हणून चांगल्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. आता याचा निशाण्यावर काय परिणाम होतो ते बघा. छर्‍याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.० गुण, आणि तिथून प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश वाढत १०.९ पर्यंत. म्हणजे पाव मिलिमीटरची किंमत ०.१.

चाचणी अशी करतो. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट, पण बॅरल कशालाही न टेकलेली. रायफलीचा हवेचा सिलिंडर भरलेला पाहिजे, दाबाचा काटा खाली आलेला असेल तर आम्ही थांबवतो. नवा छर्रा सुरू करताना पहिले दहा-पंधरा मोजायचेच नाहीत. आधीच्या शिशाचा थर बदलून बॅरल नव्या छर्‍याला सरावायला तेवढे जातात. मग एका जागी दहा. छर्रे दहाच्या वर्तुळाबाहेर पडले तर घाबरू नका, इथे नेम बघत नाही, फक्त भोकाची रुंदी बघतो. भोकाची बाहेरची रुंदी व्हर्निअरने मोजायची आणि त्यातून ४.५ वजा करायचे. ६.५ मिमी आली तर छर्‍यांच्या मध्यांमधलं जास्तीत जास्त अंतर २ मिमी. रायफल नीट झीरो केली, म्हणजे भोकाचा मध्य केंद्रावर आणला, तर सगळ्यात वाईट छर्राही १०.६ च्या आसपास. पण कागद ताणला जातो, भोक खऱ्यापेक्षा थोडं लहान दिसतं, म्हणून हे आकडे एकमेकांशीच ताडून बघायचे, मित्राच्या आकड्यांशी नाही.

पाच छर्‍यांचा ग्रुप, म्हणजे एका जागी मारलेला झुबका, मात्र फसवतो. परवा एक बाबा मुलीची रायफल घेऊन आले होते. ४.५० चा पहिला पाचचा ग्रुप बघून खूश, लगेच “हाच फायनल!” आम्ही दहा-दहाचे आणखी दोन ग्रुप घेतले, तर दोन्ही पसरट. ४.४९ चे तिन्ही ग्रुप मात्र सारखे, पहिल्यापेक्षा जरा रुंद, पण तिन्ही वेळा तसेच. मुलीनेच बोट ठेवलं: “हा घ्या.” बरोबर होतं तिचं. एकदाच जमलेला देखणा ग्रुप सोडायचा.

जुळला की डब्यावरचा लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) लिहून घ्या. छर्‍याचं नाव तेच, माप तेच, पण लॉट बदलला तर चाचणी पुन्हा. हंगामाचे डबे एकाच लॉटचे घ्यावेत, एवढ्याचसाठी.

आता आमच्या धंद्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट. दशांश धरून ६० शॉटमध्ये ६०० च्या खाली स्कोअर असेल, तर चाचणीत पैसे घालू नका. माणसाच्या हाताचा विखुर (नेम किती पसरतो ते) आणि छर्‍याचा विखुर सरळ बेरजेने वाढत नाहीत. तुमचा स्वतःचा विखुर ६ मिमी असेल, तर छर्‍याचा २ वरून १ वर आणला तरी एकूण ६.३ चा ६.१ होतो. एवढ्यासाठी महागडा डबा कशाला? साधे मॅच (स्पर्धेचे) छर्रे घ्या, उरलेल्या पैशांत जास्त छर्रे घ्या. ६२० च्या पुढे मात्र हाच फरक निवडीच्या यादीत वर-खाली करतो.

छर्रे वजन करून वेगळे काढावेत का, असंही विचारतात. छर्रा ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. १० मीटरवर पोचेपर्यंत तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेगात एक टक्का फरक पडला तर उंचीत जेमतेम ०.३ मिमी. चांगल्या डब्यात वजनाने एवढाही फरक होत नाही. त्यापेक्षा मागचा घेर वाकलेले छर्रे वेचून काढा. ट्रेवर ओतून उजेडात बघितलं की डोळ्यांना दिसतात.

स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून त्या प्रकारात लागणाऱ्या पॉइंट टू टू (.२२) काडतुसाच्या रायफलीची चौकशी वाढली आहे. काही जण परदेशातले व्हिडिओ बघून विचारतात, काडतूस घरी भरता येतं का? परदेशात लांब पल्ल्याच्या सेंटरफायर (ठिणगीचा मसाला काडतुसाच्या तळाच्या मध्यात असलेल्या) रायफलींसाठी बंदुकीची दारू मोजून भरतात हे खरं. पण पॉइंट टू टूमध्ये ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेतच असतो, ते एकदा उडालं की संपलं. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस बनवायला परवाना लागतो. आम्ही ते करत नाही, सल्लाही देत नाही. पॉइंट टू टूची काडतुसंही लॉट तपासूनच घेतात, एवढं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात डबा कपाटात कोरडा ठेवा, सिलिका जेलची पुडी टाका. छर्‍यांवर पांढरी भुकटी दिसली तर ते वापरू नका, पुसूनही नाही. शिसं विषारी, तरी छर्रे ओठांत धरायची सवय अजून काही पोरांना आहे. कोचसमोरच ओरडतो आम्ही. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

चाचणीला येताना रायफल केसमध्ये, सिलिंडर भरून आणा. अठराच्या आतल्या मुलांसोबत घरचं मोठं कुणीतरी हवं. एका रायफलीला दोन तास धरा. चाचणीचे पैसे डबे घेतले की बिलातून वजा होतात.