ब्लॉसम्स

शाळांतील गणित व विज्ञानाच्या अध्यापनासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत तयार झालेली चित्रफितींची पाठमाला. प्रवर्तक प्रा. रिचर्ड लार्सन. हे रांगांच्या गणिताचे अभ्यासक, म्हणून ‘डॉक्टर क्यू’ या टोपणनावाने परिचित. चीनमधील एका ग्रामीण शाळेत शिक्षक चित्रफीत मध्येच थांबवून मुलांना बोलते करताना त्यांनी पाहिले. पाठमालेची कल्पना तिथली. जॉर्डन, लेबनॉन आणि पाकिस्तान येथील शिक्षणसंस्था सुरुवातीच्या भागीदार होत्या.

‘परस्परसंवादी’ म्हटले की स्पर्शपडदा डोळ्यांसमोर येतो. इथे तसले काही नाही. चित्रफितीतील पाहुणा शिक्षक काही मिनिटे बोलतो, एक प्रश्न टाकतो आणि पडदा काळा होतो. पुढचा डाव वर्गातल्या शिक्षकाचा. मुलांची चर्चा, मोजमाप, आकडेमोड आटोपली की चित्रफीत पुन्हा सुरू. दोघांच्या या जुगलबंदीत संवाद घडतो तो पडदा बंद असताना. पाठाच्या शेवटी केवळ शिक्षकांसाठी मार्गदर्शनाचा वेगळा भाग असतो.

लार्सन यांचाच मोडलेल्या काठीचा पाठ नमुन्यादाखल घेता येईल. काठीवर कुठेही दोन खुणा करून तिचे तीन तुकडे केले, तर त्यांचा त्रिकोण होण्याची संभाव्यता किती? बहुतेक जण अंदाजाने ‘निम्मी’ म्हणून मोकळे होतात. पण एखादा तुकडा काठीच्या निम्म्याहून लांब निघाला, तर उरलेले दोन मिळूनही त्याला पुरे पडत नाहीत. दोन खुणांची अंतरे आडव्या-उभ्या अक्षांवर घेऊन चौरस काढला, की त्रिकोण देणारा भाग बरोबर पाव भरतो. म्हणजे उत्तर १/४. वर्गाने आधी स्वतः तुकडे करून मोजले असतील, तर हा चौरस आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

भारतात २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेल्या ‘एड्युसॅट’ या शिक्षणासाठीच्या उपग्रहाची वाट वेगळी होती. दुहेरी संपर्काची सोय असलेल्या केंद्रांतून विद्यार्थी थेट स्टुडिओतील तज्ज्ञाला विचारू शकत; मात्र एकाचा प्रश्न चालू असताना बाकीची केंद्रे श्रोतेच. ब्लॉसम्समध्ये दूरच्या तज्ज्ञाला काही विचारता येत नाही, पण प्रत्येक वर्गाला आपल्या गतीने थांबता येते. पाठ उतरवून घेता येत असल्याने वर्गात इंटरनेट नसले तरी चालते. खरी अडचण वेळेची: थांबत थांबत चालणारा पाठ आपल्याकडच्या ३५ मिनिटांच्या तासिकेत क्वचितच मावेल.