ओ देणारी माय

धुळ्याकडच्या एका घरात रात्री साडेआठला दोन वर्षांचं पोर आजीच्या मांडीवर बसून फोनची वाट बघतं. माय कुवेतला नर्स आहे. तिथं तेव्हा सहा वाजलेले असतात. "भाकर खादी का रे?" कानावर पडलं की पोर हातातला तुकडा थेट स्क्रीनला लावतं. मायही तिकडं तोंड हलवते.

इतक्या लहान पोराच्या पुढ्यात मोबाइल कशाला, असं शेजारीण म्हणते. तिचं चूक नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीनपासून लांब ठेवा, असं सांगितलं. सूट दिली ती एकट्या व्हिडिओ कॉलला. कार्टून ओ देत नाही, माय देते.

1985 मध्ये मरे आणि ट्रेव्हार्थन या संशोधकांनी दोनेक महिन्यांच्या बाळांना पडद्यावर आई दाखवली. आई थेट बोलत होती तोवर बाळं रमली. तिचंच मघाचं हसणं पुन्हा लावलं, तर बाळं अस्वस्थ झाली. चेहरा तोच, पण ताल चुकलेला! 2014 च्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं नवी क्रियापदं व्हिडिओ कॉलवर समोरासमोर शिकावीत तशी शिकली. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून मात्र शिकली नाहीत.

हा ताल फार नाजूक असतो. गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. कॉलवर आवाज उशिरा पोचला, तर समुद्राखालच्या केबलला दोष देऊ नका. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. खोळंबा बहुतेकदा टॉवरवरच्या गर्दीत होतो. अशा वेळी चित्र बंद करून नुसतं बोलावं.

आवाजाला कमी लेखू नये. 2010 मध्ये 7 ते 12 वर्षांच्या मुलींना आधी परीक्षेसारख्या ताणात टाकलं आणि मग आईशी फोनवर बोलू दिलं. जवळ घेतल्यावर वाढावं तसंच ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक फोननंतरही वाढलं. 2012 मध्ये त्याच गटानं लिखित मेसेज तपासले. मेसेजनी काही फरक पडला नाही. म्हणजे रेंज नाही म्हणून मेसेज टाकून मोकळं होण्यापेक्षा दोन मिनिटांचा साधा फोन बरा.

स्पर्श मात्र कुठल्याच केबलमधून जात नाही. माय तिकडून "गुदगुल्या!" म्हणत बोटं नाचवते, तेव्हा आजी इकडं पोराच्या पोटावर बोटं फिरवते. पोर खिदळतं, स्क्रीनकडं बघून.