१७९६ सीसीची दोन इंजिनं

१९५० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला आग विझवण्यासाठी नवा पंप हवा होता. अट मोठी अवघड होती. जुन्या पंपाच्या दुप्पट पाणी फेकायचं आणि वजन मात्र निम्मं, कारण हा पंप माणसांनी हातांनी उचलून आगीपर्यंत न्यायचा होता. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीच्या वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी या अभियंत्यांनी त्यासाठी १०२० सीसीचं ॲल्युमिनियमचं छोटं इंजिन तयार केलं. नाव ठेवलं ‘एफडब्ल्यू’, म्हणजे फेदरवेट, पिसासारखं हलकं. ते बघायला गर्दी झाली ती शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांची. एवढ्याशा वजनात एवढी ताकद त्यांना दुसरीकडे मिळत नव्हती. १९५४ मध्ये त्याच इंजिनाची १०९८ सीसीची शर्यतीसाठीची आवृत्ती निघाली, आणि १९५७ मध्ये लोटस कंपनीच्या ‘एलीट’ या देखण्या गाडीत त्याच घराण्यातलं १२१६ सीसीचं इंजिन बसलं. आगीच्या बंबाचं इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये!

ब्रिटनमधल्या छोट्या स्पोर्ट्स कार कंपन्यांचा इतिहास अशाच सोयरिकींचा आहे. लोटस, मॉर्गन, टीव्हीआर, एसी, केटरहॅम, एरियल यांची चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, स्वतःची, बॉडी स्वतःची, इंजिन मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरचं. यात कमीपणा काही नाही. इंजिन बनवायचं म्हणजे ओतकामाचे साचे हवेत, ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट तासणारी यंत्रं हवीत, महिनोन्‌महिने चालणाऱ्या टिकाऊपणाच्या चाचण्या हव्यात. आणि हा सगळा खर्च लाखो गाड्यांवर पसरला तरच परवडतो. वर्षाला हजार-दोन हजार गाड्या विकणाऱ्याने तो करायचा कसा? म्हणून अशा कंपनीच्या अभियंत्यापुढे प्रश्न असतो तो निवडीचा. ती निवड किती खोलवर जाते, हे समजायला माझ्या मते लोटस एलीससारखं दुसरं उदाहरण नाही. या गाडीने एकाच जागी दोन वेगवेगळी इंजिनं वागवली, आणि दोन्ही होती १७९६ सीसीची.

एलीस १९९५ मध्ये लोकांपुढे आली आणि १९९६ पासून रस्त्यावर धावू लागली. त्या वेळचे लोटसचे मालक रोमानो आर्तिओली यांच्या एलिसा या नातीवरून गाडीचं नाव पडलं. तिची चॅसिस म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, वेल्डिंगऐवजी इपॉक्सी गोंदाने चिकटवलेल्या. या चॅसिसचं वजन फक्त ६८ किलो आणि अख्ख्या गाडीचं सुमारे ७२५ किलो. अशा गाडीत इंजिन जड निवडलं, तर चॅसिसमध्ये ग्रॅम-ग्रॅम वाचवण्याची सगळी मेहनत पाण्यात.

वजनाइतकीच महत्त्वाची त्या वजनाची जागा. खांद्यावर कावड घेऊन, दोन्ही टोकांना भरलेल्या बादल्या लटकवून पटकन गिरकी घेऊन बघा. कावड वळायला तयार नसते आणि एकदा वळली की थांबायला तयार नसते. त्याच बादल्या छातीशी धरल्या की सहज वळता येतं. वजन तेवढंच, पण ते वळण्याच्या अक्षाजवळ आलं. गाडीतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. ती पुढच्या टोकाला न ठेवता सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या अगदी पुढे ठेवली, की घाटातल्या एकामागोमाग एक वळणांवर गाडी हाताबरोबर वळते.

पूर्वी अशी मांडणी करणं महाग पडायचं, कारण तिच्यासाठी खास गिअरबॉक्स लागायचा. मग साध्या घरगुती गाड्या पुढच्या चाकांवर चालू लागल्या. त्यांच्यात इंजिन आडवं बसतं, आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं त्याला जोडून एकच गाठोडं असतं. हे गाठोडं जसंच्या तसं उचलायचं, सीटच्या मागे ठेवायचं आणि त्याने मागची चाकं फिरवायची. मोठ्या कंपनीने लाखो कुटुंबांच्या गाड्यांसाठी घडवलेली वस्तू, जागा बदलली की स्पोर्ट्स कारचं काळीज होते. ही युक्ती मला फार आवडते. १९९५ मध्येच रोव्हर या ब्रिटिश कंपनीने आपल्या एमजीएफ या गाडीत स्वतःचं ‘के सिरीज’ इंजिन असंच मधोमध बसवलं होतं. तेच १.८ लिटरचं, ११८ अश्वशक्तीचं गाठोडं लोटसने घेतलं. संपूर्ण ॲल्युमिनियमचं, हलकं आणि ब्रिटनमध्येच बनणारं.

के सिरीजची रचना खरोखर बुद्धिमान होती. साधारण इंजिनात वरचं झाकण, म्हणजे हेड, काही बोल्टांनी मुख्य ठोकळ्याला, म्हणजे ब्लॉकला, आवळतात आणि खालचे बेअरिंग दुसऱ्या बोल्टांनी. इथे दहा लांबलचक पोलादी बोल्ट हेडपासून थेट तळापर्यंत जात आणि सगळे थर सँडविचसारखे एकत्र दाबून धरत. त्यामुळे पातळ ॲल्युमिनियमवर ताण कमी यायचा आणि वजन वाचायचं. सिलिंडरच्या आतल्या नळ्या, म्हणजे लायनर, वेगळ्या बसवलेल्या असत. त्यांची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा केसभर वर राहायची, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यात गळती रोखणारं पातळ गॅस्केट घट्ट दाबलं जावं.

आणि इथेच या इंजिनाचं दुखणं होतं. तापलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचा तुकडा ८० अंशांनी तापवला, तर ॲल्युमिनियम सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं, पोलाद त्याच्या निम्मंच. त्यातच १.४ लिटरसाठी आखलेल्या इंजिनाचे सिलिंडर पुढे १.८ लिटरपर्यंत वाढवले होते, म्हणजे मधल्या भिंतींना जागा उरली नव्हती. आता त्यात पाण्याची भर घाला. इंजिनात कूलंट थोडंच, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, इंजिनात पाणी शिरतं त्या बाजूला. घरगुती गाडीत रेडिएटर इंजिनाच्या नाकासमोर असतो. एलीसमध्ये तो गाडीच्या पुढच्या टोकाला आणि इंजिन मागे, मध्ये लांब नळ्या. त्या नळ्यांमधलं पाणी गारच राहतं. थर्मोस्टॅट उघडला की तो गार पाण्याचा लोंढा तापलेल्या इंजिनात शिरतो, थर्मोस्टॅट पुन्हा मिटतो, पुन्हा उघडतो. तापलेल्या तव्यावर वारंवार पाण्याचा हबका मारावा तसं. हेड किंचित सरकायचं, गॅस्केटची पकड सुटायची, पाणी तेलात मिसळायचं. ‘हेड गॅस्केट गेलं’ हे वाक्य के सिरीजच्या नावाला कायमचं चिकटलं.

माझं मत सांगतो: हे इंजिन वाईट नव्हतं. लायनरची उंची नीट राखली, हेड जागेवर धरणाऱ्या खुंट्या, म्हणजे डॉवेल, पूर्वीच्या प्लॅस्टिकच्या जागी पोलादी बसवल्या, पाण्याची पातळी नियमित पाहिली, तर ते चांगलं टिकतं. पण परक्या घरचं इंजिन नव्या जागी नेलं की त्याचे जुने गुणदोषही नव्या प्रमाणात येतात, आणि ते नवं प्रमाण निवड करतानाच हिशेबात धरावं लागतं. नळीची लांबी ही किरकोळ गोष्ट वाटते. ती किरकोळ नाही.

लोटसने शेवटी इंजिन बदललं, त्याला मात्र वेगळंच कारण घडलं. कंपनीला एलीस अमेरिकेत विकायची होती. तिथे धुराचे नियम कडक, आणि १९९६ पासून प्रत्येक गाडीने स्वतःच्या धूरनियंत्रणावर स्वतः लक्ष ठेवायची सक्ती. रोव्हरने त्या बाजारातून केव्हाच पाय काढला होता, त्यामुळे के सिरीज तिथल्या नियमांत बसवायची तर सगळा खर्च लोटसच्याच डोक्यावर आला असता. छोट्या कंपनीला ही अडचण नवी नव्हती. मॉर्गनच्या गाड्या सत्तरच्या दशकापासून पुढे बरीच वर्षं अमेरिकेत पेट्रोलऐवजी प्रोपेन गॅसवर चालतील अशा बदलून विकल्या गेल्या, त्या याच धुराच्या नियमांपायी.

लोटसने टोयोटाचं ‘टू झेडझेड’ इंजिन घेतलं. ते अमेरिकेत टोयोटाच्याच सेलिकामध्ये धावत होतं, म्हणजे तिथल्या परीक्षा पास झालेलं. लोटसने त्याला स्वतःचा संगणक आणि स्वतःची जुळणी दिली. २००४ मध्ये एलीस १११आर या रूपात ते रस्त्यावर आलं, १८९ अश्वशक्तीचं. आकारमान तेच, १७९६ सीसी. मग ७१ अश्वशक्ती वाढल्या कुठून?

दोन्ही इंजिनांची पिळायची ताकद, म्हणजे टॉर्क, फारशी वेगळी नाही. के सिरीजचा १६५ न्यूटन-मीटर, टोयोटाचा १८१. एक मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला एकाने १७ किलो वजन टांगावं आणि दुसऱ्याने साडेअठरा, एवढाच फरक. पण अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्यांचा वेग. के सिरीज आपली पूर्ण शक्ती मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर देतं, टोयोटाचं ७८०० वर. दर फेरीत घोट जवळपास तेवढाच, पण मिनिटाला घोट कितीतरी जास्त.

मग सगळेच इंजिन जोरात का फिरवत नाहीत? कारण पिस्टन. तो वर जाऊन थांबतो, खाली येऊन थांबतो. जितकं अंतर लांब, तितकं त्याला जास्त धावावं लागतं. के सिरीजचा सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा प्रवास ८९.३ मिलिमीटर. टोयोटाचा सिलिंडर ८२ रुंद, प्रवास ८५. गुणाकार केला की दोन्हीकडे १७९६ येतात, पण टोयोटाचा पिस्टन प्रत्येक फेरीत कमी पळतो. तरीही ८५०० फेऱ्यांवर त्याचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर होतो. त्या वेगाला टिकावं म्हणून या इंजिनात वेगळे लायनरच नाहीत. सिलिंडरची भिंत तंतूंनी बळकट केलेल्या मिश्रधातूची, ब्लॉकमध्येच ओतलेली.

श्वासाचाही प्रश्न होता. जोरात फिरताना व्हॉल्व्ह जास्त उघडे लागतात, हळू फिरताना तेवढे उघडले तर इंजिन अडखळतं. यामाहाच्या मदतीने टोयोटाने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कॅमशाफ्टवर, दोन प्रकारचे उंचवटे दिले. सुमारे ६२०० फेऱ्यांवर तेलाच्या दाबाने एक खुंटी सरकते आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर चालू लागतात. चालवणाऱ्याला पाठीमागून एकदम आवाज बदललेला ऐकू येतो. त्याच्या खाली मात्र हे इंजिन साधंच वागतं. म्हणून खालच्या फेऱ्यांवरचा के सिरीजचा सरळ ओघ ज्यांना आवडायचा त्यांना हा बदल मानवला नाही. गाडीचं वजनही आता सुमारे ८६० किलो झालं होतं.

पण ही निवड वेळेवर झाली. २००३ मध्ये रोव्हरकडे नव्या छोट्या गाडीसाठी पैसा नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या पुण्यात बनलेली टाटा इंडिका नेली आणि ‘सिटीरोव्हर’ या नावाने ब्रिटनमध्ये विकली. एप्रिल २००५ मध्ये कंपनी बंद पडली. लाँगब्रिजच्या कारखान्यातल्या हजारो लोकांचा रोजगार गेला आणि के सिरीजचा झरा आटला. टोयोटाचा आधार धरला नसता, तर एलीसचं काय झालं असतं?

मॉर्गनने रोव्हरच्याच घराशी उलटा अनुभव घेतला होता. अमेरिकेत ब्यूकसाठी बनलेलं आणि जनरल मोटर्सने सोडून दिलेलं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन रोव्हरने १९६५ मध्ये विकत घेतलं. १९६८ मध्ये ते मॉर्गन प्लस ८ मध्ये आलं, आणि ती गाडी २००४ पर्यंत, ३६ वर्षं, त्याच घराण्याच्या इंजिनावर चालली. ब्लॅकपूलच्या टीव्हीआरचीही भिस्त त्याच व्ही-८ वर होती. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर घेतली आणि टीव्हीआरचे मालक पीटर व्हीलर यांनी स्वतःचंच इंजिन बनवायचं ठरवलं. ॲल मेलिंग यांनी आखलेलं त्यांचं व्ही-८ आणि नंतरचं सहा सिलिंडरचं ‘स्पीड सिक्स’ ही दोन्ही इंजिनं आवाजाने आणि ताकदीने अंगावर काटा आणणारी होती. त्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सुरुवातीच्या स्पीड सिक्समध्ये व्हॉल्व्ह दाबणारे भाग लवकर झिजायचे आणि वॉरंटीत इंजिनं खोलावी लागायची. मोठी कंपनी असे दोष लाखो किलोमीटरच्या चाचण्यांत पकडते. इथे ते गिऱ्हाइकाच्या गाडीत सापडले.

एलीसची गोष्ट टोयोटाच्या त्या इंजिनावरही थांबली नाही. सेलिका बंद झाली, युरोपातले धुराचे नियम आणखी कडक झाले आणि तेही इंजिन मागे पडलं. २०१२ च्या एलीस एसमध्ये टोयोटाचंच दुसरं इंजिन आलं, ‘टू झेडआर’, सोबत हवा कोंबणारा सुपरचार्जर. सिलिंडर ८०.५ मिलिमीटर रुंद, पिस्टनचा प्रवास ८८.३, म्हणजे जुन्या के सिरीजच्या मापांच्या अगदी जवळ. हवा कोंबून मिळत असल्याने आता ८५०० फेऱ्यांची गरज उरली नव्हती. ६८०० वरच २१७ अश्वशक्ती मिळत. आकारमान १७९८ सीसी, पूर्वीपेक्षा फक्त दोन सीसी जास्त.